बारा तासांचा मुक्काम

1948 सालच्या जून महिन्यात, आठवड्याच्या अंतराने, दोन प्रवास सुरू झाले. 1 जूनला एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला गेली. 8 जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कॅप्टन के. आर. गझदर यांनी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला नेलं. एकीत कोंबड्यांची पाटी चालायची, दुसऱ्यात राजेमहाराजे बसायचे. पण दोन्हीकडे एक प्रश्न पहिल्या दिवसापासून सारखाच होता: गाडी पोचली, उतारू आपापल्या वाटेने गेले, आता गाडी चालवून आणणाऱ्यांनी रात्र कुठे काढायची?

एसटीने त्याचं उत्तर गावावर सोडलं. मुक्कामाची गाडी रात्री साडेआठ-नऊला पाराशी येऊन थांबायची. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायचे, पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात, आणि काहीच नसलं तर गाडीतल्याच बाकड्यावर. वाहकाची तिकिटांची पेटी उशाशी. पहाटे पाचला दुधाच्या किटल्या आणि तालुक्याला निघालेली कॉलेजची पोरं घेऊन गाडी परत. या नोकरीत मुरलेल्या माणसाला कोणत्या गावात कुणाच्या घरची भाकरी मिळते, कोणत्या विहिरीचं पाणी अंघोळीला बरं आणि कोणत्या पारावर गप्पांत अडकलं की झोपेचं खोबरं होतं, हे सगळं पाठ असायचं. विमान कंपन्यांनी तेच उत्तर हॉटेलांवर सोपवलं, त्याला लेओव्हर म्हटलं आणि बाहेरच्या जगाला वाटू लागलं की ही फुकटची सहल आहे.

हा लेख त्या गैरसमजाबद्दल आहे आणि थोडासा आमच्या नेऱ्याबद्दल. नेरे म्हणजे पनवेलहून सुकापूर ओलांडून माथेरानच्या डोंगराकडे निघालात की लागणारं गाव. नवी मुंबईच्या विमानतळावर 25 डिसेंबर 2025 ला प्रवासी विमानं सुरू झाली आणि आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोस्टर, पिकअप, स्टँडबाय असले शब्द ऐकू यायला लागले. माझं म्हणणं साधं आहे. मोठ्या शहरातला लेओव्हर मोठ्या शहरात घालवायचाच नसतो. तो शहराच्या वेशीवर घालवायचा असतो. जगभरच्या क्रूला हे कळलेलं आहे. वेशीवरच्या गावांना ते कळायला वेळ लागतो.

आधी हिशेब मांडू, कारण या नोकरीत सगळं घड्याळावर चालतं. आपल्याकडे वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए ठरवतं. आधीची ड्युटी जेवढी झाली तेवढी किंवा किमान बारा तास, यातली जी मोठी ती विश्रांती. घड्याळाचे बरेच पट्टे ओलांडले की ती चौदा तासांवर जाते, फारच ओलांडले की छत्तीसवर. कागदावर बारा तास भरपूर दिसतात. समजा, विमान संध्याकाळी सहाला टेकलं. कागदपत्रं आटोपून साडेसहाला ड्युटी संपली. गाडी यायची, सामान चढायचं, हॉटेलात किल्ली मिळायची, तोवर सव्वासात. दुसऱ्या दिवशी साडेसहाला हजर व्हायचं तर पिकअप साडेपाचला, म्हणजे गजर साडेचारचा. मधे उरले सव्वानऊ तास. त्यातून साडेसात तास झोप काढा. हातात राहिले पावणेदोन. त्यात जेवण, अंघोळ, घरचा फोन आणि गणवेशाची इस्त्री.

आता याच माणसाला कुणीतरी उत्साहाने सांगतं, मुंबईत आला आहेस तर गेटवे बघून ये! पनवेल ते सीएसएमटी लोकलला एका बाजूला साधारण ऐंशी मिनिटं लागतात. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला खुला झाल्यापासून शिवडीपर्यंत भर्रकन जाता येतं हे खरं, पण सेतू संपला की पुढे मुंबईच असते.

ही झोप ऐच्छिक नसते, हे लोकांना 2025 च्या डिसेंबरात समजलं. डीजीसीएच्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली होती, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबवली होती आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली होती. या नियमांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरला लागू झाला. त्यात वैमानिकांची जुळणी कमी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले. टीव्हीवर चिडलेले प्रवासी दिसत होते. मला मात्र वाटलं, या देशात पहिल्यांदाच कुणाच्या तरी झोपेची बातमी पहिल्या पानावर आली. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर तळाला गेलेलं असतं, हात जागचे हलतात पण डोकं मागून येतं. अशा वेळी समोर धावपट्टी असेल तर काय, याचं उत्तर त्या नियमांच्या मुळाशी आहे. शेवटी कंपनीला काही तरतुदींपुरती तात्पुरती सूट मिळाली, ती गोष्ट वेगळी.

तर लेओव्हरची पहिली कला झोपेची. नेऱ्यातली माझ्या ओळखीची एक मुलगी एका कंपनीत केबिन क्रू आहे, तिचा बेस बेंगळुरूला. तिच्या ट्रॉली बॅगेत काय असतं हे तिने एकदा आमच्या ओटीवर उलगडून दाखवलं. सगळ्यात वर मेकअपचं सामान असेल अशी माझी समजूत. निघाले कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. "काका, हे पडद्याला. हॉटेलच्या दोन पडद्यांच्या मधून उजेडाची एक रेघ येतेच, आणि ती बरोबर डोळ्यांवर येते." चिमटे नसतील तर कपाटातला पँटचा हँगर, त्यालाही चिमटे असतात. मग निघाली ज्वारीच्या पिठाची पिशवी, झटपट उपम्याची पाकिटं, लिंबाचं लोणचं, स्टीलचा डबा. खोलीतल्या किटलीत पाणी उकळायचं, डब्यातल्या उपम्यावर ओतायचं, झाकण लावायचं. लेओव्हरला जो रोजचा भत्ता मिळतो तो हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये एका थाळीत उडतो. उपम्यावर भागवलं तर तो महिनाअखेरीला घराच्या हप्त्यात जातो. परदेशी हॉटेलांच्या खोल्यांमधून फोडणीचा वास येतो अशी आपल्या क्रूची ख्याती आहे. किटली फक्त पाण्यासाठी असते, हे मीही तिला सांगितलं. तिने विषय बदलला.

बॅगेच्या तळाशी एक चपटी वही होती. प्रत्येक शहराला एक पान. पानावर प्रेक्षणीय स्थळं नाहीत. हॉटेलपासून चालत पंधरा मिनिटांत काय, रात्री दहानंतर उघडं काय, एकट्या बाईने कोणत्या रस्त्याने जाऊ नये, एवढंच. एसटीच्या वाहकाच्या डोक्यात जे असायचं ते इथे कागदावर.

ही वही तिच्या हातात यायला काय काय घडावं लागलं, हेही सांगायला हवं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला एके काळी पस्तिसाव्या वर्षी घरी जावं लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधी, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरीही त्याआधी. 1981 मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट घटनाबाह्य ठरवून काढून टाकली. वयाची आणि लग्नाची अट तेव्हा तशीच राहू दिली, ती पुढे हळूहळू गेली. आज पनवेल-उरण पट्ट्यातल्या मुली या नोकरीत जातात. तीन बहिणी आणि आजी यांच्यात एका खोलीत वाढलेल्या मुलीला कंपनीच्या हॉटेलात पहिल्यांदा दार आतून लावता येतं. ती रात्र तिने काहीही न बघता, नुसती पलंगावर पसरून घालवली तर त्या शहराचं काही नुकसान होत नाही.

तास जास्त असले, म्हणजे चोवीस-तीस, तर शहराला हात लावता येतो. तिथेही जुने लोक एकच गोष्ट धरतात. दुबईत ते बुर्ज खलिफाच्या रांगेत उभे राहत नाहीत. बर दुबईहून एक दिरहम देऊन लाकडी आब्रामध्ये बसतात, खाडी ओलांडून देऱ्याला जातात, मसाल्याच्या बाजारातून फिरून त्याच होडीने परत. लंडनला हीथ्रोजवळ उतरलेला मराठी माणूस पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअरला आणि तिथून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला गेला, तर 10 किंग हेन्रीज रोड हे घर चालत गाठता येतं. 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. आंबेडकर तिथे राहिले, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. हायगेटला 65 क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे, तेच इंडिया हाऊस. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. एका लेओव्हरला यातलं एकच. दोन जोडायला गेलात की उरतो तो फक्त भुयारी रेल्वेचा नकाशा.

मात्र लेओव्हरचं खरं गाव बघायचं तर जपानात, नारिताला.

टोकियोचा म्हणून जो विमानतळ जग वर्षानुवर्षं ओळखत आलं, तो टोकियोपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे, नारिता नावाच्या लहान शहराच्या कडेला. तिथे उतरलेला क्रू टोकियोला जाण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. विमानतळावरून रेल्वेने दहा मिनिटांत नारिता स्टेशन, आणि तिथून ओमोतेसांदो नावाचा उताराचा जुना रस्ता थेट नारितासान या बौद्ध मंदिरापर्यंत. मंदिर इसवी सन 940 मधलं. रस्ता जेमतेम आठशे मीटरचा, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं. काही खाणावळींत दर्शनी ओट्यावरच बसलेले कारागीर जिवंत वाम मासे फळीवर खिळ्याने टोचून एका फटक्यात चिरतात आणि आत कोळशावर भाजायला पाठवतात. यात्रेकरूंसाठी ही बाजारपेठ शेकडो वर्षं चालत आली होती. विमानतळ झाल्यावर तिला नवे यात्रेकरू मिळाले, गणवेशाची बॅग हॉटेलात ठेवून चपला घालून आलेले. मंदिरामागे मोठी बाग आहे, तळं आहे. दोन तासांत सगळं होतं. परत जाऊन झोपायला वेळ उरतो. देशोदेशींच्या क्रूने या गावाला आपलं मानलं ते काही पर्यटन खात्याच्या जाहिराती वाचून नव्हे. चालत जाता येतं, पोटभर मिळतं, आणि कुणी काही विकायला मागे लागत नाही.

पण नारिताची दुसरी बाजू आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. 1966 मध्ये जपान सरकारने शेतकऱ्यांना न विचारता सानरिझुका परिसरात विमानतळाची घोषणा केली. शेतकरी आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. माणसांनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं, पोलीस आणि आंदोलक दोन्हीकडचे जीव गेले. 26 मार्च 1978 ला, उद्घाटनाला चार दिवस असताना, आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि तिथली यंत्रं फोडली. विमानतळ अखेर 20 मे रोजी उघडला. नंतरही काही शेतकऱ्यांनी जमीन सोडली नाही. एक टॅक्सीवे एका कुटुंबाच्या शेताला वळसा घालून वाकवावा लागला, आणि विमानांच्या मधोमध भाजीपाला पिकत राहिला. विमानतळावर येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र तपासायची पद्धत 2015 पर्यंत चालू होती. क्रूची आवडती गल्ली आणि शेतकऱ्यांचा लढा यांच्यात काही किलोमीटरचंच अंतर.

आमच्याकडेही भूसंपादन आधी आलं, विमान फार नंतर. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र आलं. विमानतळासाठी पुढे उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही-कोपर, चिंचपाडा अशी गावं उठली आणि वडघर, करंजाडेकडे पुन्हा वसली. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून 2021 च्या जूनमध्ये माणसांची साखळी झाली, सिडकोला घेराव पडला. आज त्या जागेवर 3700 मीटरची धावपट्टी आहे. तिच्यावर उतरणाऱ्या क्रूला हे माहीत असावं असा माझा आग्रह नाही. बारा तासांत झोप सोडून इतिहास शिकायला कुणाला सांगणार?

पनवेलला मात्र परक्याला रात्रीपुरतं ठेवून घेण्याची जुनी सवय आहे. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदराला उतरायचा. होडी भरतीवर अवलंबून, त्यामुळे वेळापत्रक चंद्राच्या हातात. रात्र पनवेलला काढायची आणि पहाटे बैलगाडीने घाटाकडे. पनवेलची गाडीची चाकं त्या काळात नावाजलेली होती, ती उगीच नव्हे. 1863 मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि उतारू पनवेलला वळसा घालून जाऊ लागले. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये सुरू केलेला धूतपापेश्वर कारखाना राहिला, बंदर गाळात गेलं.

आणि आता पुन्हा मुक्कामी माणसं येताहेत. त्यांना दाखवायला आमच्याकडे नारितासारखं हजार वर्षांचं मंदिर नाही. पण तीन-चार तास मोकळे असलेल्या माणसाला पुरेल एवढं आहे. पनवेल स्टेशनवरून रिक्षा केली की अर्ध्या तासात नेरे. समोर माथेरानचं पठार, उजवीकडे प्रबळगडाचा आडवा माथा. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी याच बाजूने पनवेलच्या खाडीला जाते. दिवाळीच्या सुमाराला भात कापणीला आलेलं असतं, झोडणी चाललेली असते, रस्त्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या. शांतिवनच्या आवारात कुष्ठरोग निवारण समितीचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, सोबत वृद्धाश्रम आणि निसर्गोपचार केंद्रही. रस्ता पुढे मालडुंगे, धोदाणीपर्यंत जातो. धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटला पायवाट चढते, पण ती तीस तास हातात असणाऱ्याने धरावी. दुसऱ्या दिवशी उभ्याने सेवा द्यायची असेल तर पोटऱ्या शिव्या देतात. पावसाळ्यात गाढेश्वरच्या धरणाकडे जाऊच नये. दर वर्षी तिथे बुडून माणसं जातात आणि दर वर्षी पोलिसांची बंदी लागते. नवख्याला पाणी उथळ दिसतं. आषाढात यावं ते पनवेलच्या बाजारात, ठाकूर आणि कातकरी बायका शेवळं, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात तेव्हा. फक्त शेवळं हॉटेलच्या किटलीत करायला जाऊ नये, काकडाच्या आंबट फळांशिवाय ती घशाला खाजतात.

माझं मत विचाराल तर हिवाळ्यात यावं आणि पोपटी खावी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडभर शेतात मडकी चढतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. त्यावर वालाच्या अख्ख्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग अंडी, मसाला लावलेलं चिकन पाल्यात गुंडाळून, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि चहूबाजूंनी पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. झालं की नाही ते झाकण उघडून बघता येत नाही. जाणता माणूस बोटांनी पाण्याचे थेंब मडक्यावर उडवतो. चर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथे उडालं की मडकं काठीने बाजूला काढायचं. पाला ओढून काढला की जो वास येतो तो भांबुर्ड्याचा, थोडा कडसर, थोडा ओव्याच्या अंगाने जाणारा, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहतो. शेंग दातांनी ओढून खायची. पेटवण्यापासून हात धुण्यापर्यंत दोन तासांत सगळं आटोपतं. रोस्टर बनवणाऱ्यानेच शोधून काढावा असा पदार्थ.

बरोबर कुणी प्रेमाने माडीचा ग्लास पुढे केला तर मात्र हात जोडावेत. उड्डाणाआधीचे बारा तास दारूचा थेंब चालत नाही आणि श्वासाच्या चाचणीत यंत्राला शून्यच दिसावं लागतं. माडी झाडावरून उतरते म्हणून ती सरबत आहे, हे यजमानाचं म्हणणं त्या यंत्राला मान्य नसतं.

नेऱ्याचा नारिता होईल का, हे मला सांगता येणार नाही. सरकारने 2013 मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी 'नैना' हे क्षेत्र ठरवून नियोजन सिडकोकडे दिलं, तेव्हापासून आमच्या रस्त्याला शेतापेक्षा बांधकामांचे फलक जास्त दिसतात. वीस मजल्यांच्या जाहिरातीत माथेरानचा डोंगर चित्रात असतो आणि इमारत झाली की त्याच इमारतीच्या मागे जातो. चालायला पदपथ नाही. संध्याकाळी डंपरच्या धुळीत नेऱ्याच्या नाक्यावरून नदीपर्यंत पायी जाणं ही मजा नव्हे. नारिताने आठशे मीटरचा रस्ता सांभाळला, त्यावर गाव जगलं. आपल्याकडे फार्महाऊसवाल्यांना वाटतं, क्रूला पोहण्याचा तलाव आणि डीजे हवा. त्यांना हवा असतो अंधार, शांतता, रात्री अकराला मिळणारा गरम वरण-भात आणि पहाटे साडेतीनला न चुकता येणारी गाडी. यातलं काहीही जाहिरातीत चांगलं दिसत नाही, म्हणून ते कुणी बांधत नाही.

या सगळ्यात अडचण झाली ती आमच्या त्या मुलीची. तिला नव्या विमानतळावर रात्रीचा लेओव्हर लागला. कंपनीचं हॉटेल पनवेलजवळ आणि घर नेऱ्याला, रिक्षाच्या अंतरावर. परवानगी काढून ती हौसेने घरी आली. आईने तिच्यासाठी खाडीची कोलंबी आणून ठेवली होती. आजीला नातीच्या पायाला तेल चोळायचं होतं. चुलत भावाला परदेशी चॉकलेटं हवी होती, जरी ती इंदूरहून आली होती. शेजारच्या काकूंना आपल्या भाचीच्या नोकरीबद्दल विचारायचं होतं. रात्री एकपर्यंत ओटीवर बैठक चालली, आणि आई मधून मधून "अगं, झोप आता" म्हणत नवीन ताट वाढत होती. पहाटे साडेतीनला पिकअप. गाडीत ती बसल्या बसल्या झोपली, आणि पुढचं उड्डाण कसं काढलं ते तिचं तिला माहीत.

हल्ली ती इथल्या लेओव्हरला आधी हॉटेलात जाते. पडद्याला चिमटे लावून आठ तास झोपते आणि मगच घरी फोन करते, की आत्ता उतरले.